दारू आणि उदासी एकत्र असताना दोन भाषांतलं समुपदेशन कसं चालतं

एका बहिणीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. भाऊ ३६ वर्षांचा, मूळ सातारा जिल्ह्यातला, हिंजवडीत आयटी कंपनीत नोकरीला. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे सगळं इंग्रजी. चार वर्षांपासून रोज रात्री ‘तीन-चार पेग’. झोप नाही, कशात मन लागत नाही, कामावर दांड्या पडतात. एका समुपदेशकाकडे सहा बैठका झाल्या, सगळ्या इंग्रजीत. तिथे तो छान बोलतो आणि त्याच रात्री पितो. आईवडिलांना इंग्रजी येत नाही, म्हणून घरच्यांच्या बैठकीत बहिणीलाच दुभाषी व्हावं लागलं. आता मराठीत समुपदेशन केलं तर फरक पडेल का? आणि आधी दारूवर उपचार करायचे की डिप्रेशनवर?

फरक पडेल. पण इंग्रजी बंद करून मराठी सुरू केली एवढ्याने पडणार नाही. दोन्ही भाषांत सराईत असलेला समुपदेशक कोणतं काम कोणत्या भाषेत करायचं हे ठरवून करतो, आणि उपयोग त्याचा होतो. या सगळ्याच्या आधी मात्र एक गोष्ट पाहावी लागते, तिचा भाषेशी काही संबंध नाही. दारू थांबवल्यावर त्याचं शरीर काय करेल, ती गोष्ट ही.

आधी शरीर

‘तीन-चार पेग’ हा आकडा तसाच धरू नका. बारमध्ये पेग ३० किंवा ६० मिलीचा मोजून मिळतो. घरी हाताने ओतलेला बऱ्याचदा ६० च्या वर जातो. म्हणून पेग न विचारता बाटली विचारायची: ‘खंबा किती दिवस पुरतो?’ आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. त्यातल्या ३० मिलीत साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, त्याला एक युनिट धरतात. या हिशेबाने १८० मिलीची क्वार्टर सहा युनिटची आणि ७५० मिलीचा खंबा सुमारे २५ युनिटचा. खंबा तीन दिवसांत संपत असेल तर रोजचे आठ युनिट पोटात जातात. स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटलीही साडेतीन ते चार युनिटची असते, त्यामुळे ‘मी तर फक्त बिअर घेतो’ यातून काहीच ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची चाचणी याच मोजमापावर उभी आहे. गुण ० ते ४०. ८ पासून पुढे पिणं धोक्याचं आणि २० च्या पुढे शरीर-मन दारूवर अवलंबून असण्याची दाट शक्यता.

मग तीन प्रश्न. सकाळी उठल्यावर हात थरथरतात का? ते थांबावेत म्हणून सकाळी थोडी घ्यावी लागते का? पूर्वी कधी दारू बंद केल्यावर फिट आली होती का, किंवा नसलेली माणसं, किडे, आवाज दिसले-ऐकू आले होते का? यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर घरच्या घरी दारू एकदम बंद करू नका. शेवटच्या पेगनंतर साधारण सहा ते आठ तासांत थरथर, घाम, मळमळ, छातीत धडधड सुरू होते. फिट आली तर बहुतेकदा पहिल्या ४८ तासांत येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भ्रम होतो: दिवस कोणता, आपण कुठे आहोत हे कळत नाही, ताप चढतो, माणूस पलंगावर थांबत नाही. यात जीव जाऊ शकतो. म्हणून मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली पाच-सात दिवसांचा डिटॉक्स, म्हणजे शरीराला दारूतून सुरक्षितपणे बाहेर काढण्याचा उपचार, करतात. त्यात क्लोरडायझेपॉक्साइडसारखी गोळी भरपूर मात्रेत सुरू करून रोज कमी करत नेतात. यकृत फार बिघडलेलं असेल तर लोराझेपाम वापरतात.

आपल्याकडे सर्रास घडणारी एक चूक इथेच सांगते. दारू सोडल्यावर अशक्तपणा आला म्हणून घरचे जवळच्या दवाखान्यात नेऊन सलाईन लावतात आणि तो पितो हे लाजेपोटी सांगत नाहीत. रोज पिणाऱ्याच्या शरीरात थायामिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, फार कमी उरलेलं असतं. अशा वेळी आधी नुसतं ग्लुकोज गेलं तर उरलंसुरलं थायामिन संपून मेंदूला इजा होऊ शकते: डोळ्यांची हालचाल बिघडते, तोल जातो, गोंधळ उडतो, आणि पुढे कायमचा विसराळूपणा राहू शकतो. थायामिनचं इंजेक्शन ग्लुकोजच्या आधी किंवा निदान बरोबर द्यावं लागतं. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, ‘हा रोज दारू पितो, शेवटची अमुक वाजता घेतली.’

श्रावणाचंही इथेच. गटारीला भरपूर प्यायची आणि दुसऱ्या दिवसापासून महिनाभर बंद, हे आपल्याकडे घरोघरी चालतं. ज्याचं शरीर अवलंबून आहे त्याला श्रावणाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, आणि ‘उपासाने चक्कर आली’ म्हणून ती दुर्लक्षित राहते. दुसरा गैरसमज असा की श्रावण पाळता आला म्हणजे व्यसन नाही. महिना संपायची वाट कशी पाहिली, आणि संपल्यावर पहिल्या आठवड्यात किती गेली, यावरून जास्त कळतं.

उदासी आधी की दारू आधी

दोन्ही एकत्र. ‘आधी दारू सोडून ये, मग डिप्रेशनचं पाहू’ म्हणणारे आणि ‘उदास आहे म्हणून पितो, उदासी गेली की दारू आपोआप सुटेल’ म्हणणारे, दोघेही पेशंटचे महिनोन् महिने वाया घालवतात. दारू स्वतःच मन खाली नेते, झोप मोडते, आणि त्या मोडलेल्या झोपेवर इलाज म्हणून पुन्हा दारू घेतली जाते.

तरी कशातून काय आलं हे शोधावं लागतं, आणि त्याची रीत ठरलेली आहे. आडव्या कागदावर एक रेघ ओढायची, तिच्यावर वयं लिहायची. रेघेच्या वर दारू, खाली मन. हे काम मराठीत करावं, आणि साल विचारण्याऐवजी घटना विचाराव्यात: बारावीचा निकाल, पुण्याला आलो तेव्हा, आजी गेली तेव्हा, पहिली नोकरी, लग्न. लहानपणच्या आठवणी ज्या भाषेत घडल्या त्या भाषेत विचारल्या की जास्त आणि नेमक्या येतात. रशियन-इंग्रजी बोलणाऱ्यांवर २००० साली झालेल्या अभ्यासात हेच दिसलं होतं. कागद भरत आला की बहुधा स्पष्ट दिसतं: उदासीचा काळ दारूच्या आधी होता का, मध्ये काही महिने दारू बंद होती तेव्हा मन सुधारलं होतं का, घरात आणखी कुणाला असा त्रास होता का.

उदासी मोजण्यासाठी ‘पीएचक्यू-९’ नावाची प्रश्नावली वापरतात. नऊ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३, एकूण २७. १० च्या पुढे दखल घ्यायची, २० च्या पुढे तीव्र. एकदा आल्या आल्या, मग दारू बंद होऊन दोन आठवड्यांनी, मग चार आठवड्यांनी. बऱ्याच जणांचे गुण महिन्याभरात खूप उतरतात, कारण बरीचशी उदासी दारूचीच असते. चार आठवड्यांनंतरही १० च्या वर असतील, किंवा रेघेवर उदासी दारूच्या आधीची दिसत असेल, तर तिच्यावर स्वतंत्र उपचार आणि गरज पडली तर गोळ्या. या गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार, कधी सहा आठवडे लागतात. चौथ्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून त्या बंद करू नका.

चाचणी मात्र पहिल्या वेळी ज्या भाषेत घेतली त्याच भाषेत शेवटपर्यंत घ्यायची. पहिली इंग्रजीत आणि पुढची मराठीत घेतली तर गुण उतरले ते उपचाराने की भाषेने, हे सांगता येत नाही. मराठीत घेताना ‘निम्म्याहून अधिक दिवस’ असं वाचून दाखवलं तर लोक अंदाजाने मान डोलावतात. ‘गेल्या चौदा दिवसांतले सात दिवसांपेक्षा जास्त?’ असं विचारलं की माणूस बोटं मोजतो आणि खरं उत्तर देतो.

महिनाभर थांबण्याला एक अपवाद आहे. जीव द्यायचे विचार असतील तर लगेच उपचार. हा प्रश्न आडवळणाने विचारू नये. लोक सहसा ‘नकोसं झालंय’, ‘सगळ्यातून सुटका व्हावी’, ‘मी नसलो तर तुम्ही सुखी व्हाल’ असं बोलतात. त्यावर सरळ विचारायचं: ‘स्वतःचा जीव घ्यावा असं मनात येतं का? कसा, काही ठरवलंय का? ती वस्तू घरात आहे का?’ विचारल्याने हा विचार डोक्यात घुसत नाही. गावाकडच्या घरात शेतीची औषधं असतील तर ती कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं.

झोपेसाठी तो मेडिकलमधून अल्प्राझोलम घेतो का हेही विचारा. दारूवर ही गोळी घेतली तर श्वास मंदावतो. आणि दारू सुटली तरी गोळी मागे उरते.

इंग्रजीत छान बोलतो, म्हणजे काय होतं

शाळा-कॉलेजात, ऑफिसात शिकलेली भाषा विचार मांडायला सोयीची असते, पण घरात लागलेल्या भाषेइतकी ती अंगाला भिडत नाही. तुर्की मातृभाषा असलेल्या, इंग्रजी नंतर शिकलेल्या लोकांना २००३ च्या एका प्रयोगात दोन्ही भाषांतली रागावण्याची वाक्यं ऐकवली आणि त्वचेवरच्या घामाची प्रतिक्रिया मोजली. मातृभाषेतल्या रागावण्याला शरीर जास्त चमकलं. समुपदेशनाच्या खोलीत हे रोज दिसतं.

एक नमुना पाहा. माणूस इंग्रजीत म्हणतो, ‘आय हॅव अ डिफिकल्ट रिलेशनशिप विथ माय फादर.’ आवाज सपाट, हातात कॉफी, पुढचं वाक्य तयार. समुपदेशक मराठीत विचारतो, ‘आबा घरी आल्यावर काय म्हणायचे? त्यांच्याच शब्दांत सांगा.’ थोडा वेळ काहीच नाही. कप खाली ठेवला जातो. मग, ‘तुझ्याच्यानं काय व्हायचं नाही.’ इतक्या वेळात पहिल्यांदाच श्वास बदललेला असतो. इथे समुपदेशकाने लगेच अर्थ सांगायला घेऊ नये. ‘हे म्हणताना आत्ता अंगात कुठे जाणवतंय?’ एवढंच विचारावं. गळ्यात, छातीत, पोटात, जिथे असेल तिथे. शून्य ते दहा किती? सातच्या पुढे गेलं आणि खाली येईना तर त्याला इंग्रजीत परत जाऊ द्यावं.

हे परत जाऊ देणं महत्त्वाचं आहे. इंग्रजी म्हणजे पळवाट, ती बंद करा, असं मानणारे समुपदेशक पेशंट गमावतात. लैंगिक अत्याचार, लग्नाबाहेरचं नातं, ऑफिसात झालेला अपमान, अशा गोष्टी कित्येकांना मराठीत पहिल्यांदा उच्चारताच येत नाहीत. इंग्रजीत त्या निदान बाहेर येतात. म्हणून पहिल्यांदा इंग्रजीत सांगू द्यावं आणि दोन-तीन बैठकांनंतर, माणूस स्थिर झाला की, त्याच प्रसंगाकडे मराठीतून जावं. भाषा बदलायचा हक्क पेशंटचा. समुपदेशकाने स्वतः बदलताना विचारावं: ‘हे मराठीत सांगून बघायचं का?’

पहिल्याच बैठकीत भाषांचा नकाशा काढतात, त्याला पंधरा मिनिटं पुरतात. पैसे कोणत्या भाषेत मोजता? भांडण कोणत्या भाषेत होतं? शिव्या कोणत्या? लहानपणी मार खाताना कोणती भाषा कानावर पडायची? बायकोशी प्रेमाने बोलताना कोणती? मित्र प्यायला बोलावतात ती कोणती? एकटे असताना स्वतःशी कोणत्या भाषेत बोलता? उत्तरं सरमिसळ येतात आणि तशीच लिहून घ्यायची असतात. हिंजवडीत काम करणाऱ्याच्या नकाशात बहुधा मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही असतात, आणि पुढचं सगळं काम या नकाशावर चालतं.

उदाहरणार्थ, विचारांची वही. तलफ आली तेव्हा मनात काय आलं हे लिहायचं असतं, आणि ते ज्या भाषेत आलं त्याच भाषेत. ‘आय डिझर्व्ह इट’ आलं तर तेच. ‘मरू दे, आजचा दिवस घेतो, उद्यापासून बंद’ आलं तर तेच. भाषांतर करून लिहिलं की वाक्य सभ्य होतं आणि त्याचा जोर कळेनासा होतो. उत्तरही त्याच भाषेत तयार करावं लागतं. इंग्रजीत आलेल्या ‘आय डिझर्व्ह इट’ला मराठी सुविचाराने उत्तर दिलं तर रात्री आठ वाजता ते आठवत नाही.

नकार देण्याचा सरावही तसाच, आणि माझ्या मते दोन भाषांतल्या कामाचा सगळ्यात रोकडा फायदा इथे आहे. ऑफिसच्या पार्टीत आग्रह हिंदीत होतो: ‘अरे यार, एक से क्या होता है.’ गावच्या जत्रेत मराठीत होतो: ‘आमच्यासाठी एवढंबी नाही का?’ समुपदेशकाने नकार इंग्रजीत शिकवलेला असतो, आणि ऐन वेळी तो तोंडातून निघत नाही. म्हणून समुपदेशक मित्राच्या भूमिकेत जातो, त्याच्याच भाषेत, त्याच्याच टोनमध्ये आग्रह करतो, आणि पेशंट मोठ्याने नकार देतो. पाच-सहा वेळा, अडखळणं थांबेपर्यंत. वाक्य छोटं असावं: ‘नको, मी बंद केलीय.’ ॲसिडिटीचं, अँटिबायोटिकचं कारण देऊ नये. कारण दिलं की समोरचा त्यावर उपाय सुचवतो आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारतो. वाक्य झालं की हातात सोडा किंवा पाणी घ्यायचं आणि जागा बदलायची.

तलफ बहुतेकदा पंधरा ते तीस मिनिटांत चढून उतरते. तेवढ्या वेळासाठी मोबाइलमध्ये एक कार्ड, स्वतःशी बोलतो त्या भाषेत: कुणाला फोन करायचा (दोन नावं), काय खायचं, कुठे जायचं. खाणं किरकोळ समजू नका. रात्री आठला रिकाम्या पोटी तलफ जोरात येते. साडेसातला पोटभर जेवलेल्या माणसाची बरीच कमी होते. घरी येताना वाइन शॉप वाटेत लागत असेल तर पहिले तीन महिने रस्ता बदलायचा.

समुपदेशकाच्या हातून काय चुकतं

पुस्तकी मराठी ही पहिली चूक. ‘आपल्या भावनांची अभिव्यक्ती करताना आपणांस काय अनुभूती येते?’ यापेक्षा इंग्रजी परवडली. लोक ‘जीव घाबरा होतो’, ‘डोकं जड पडतं’, ‘कशात राम वाटत नाही’, ‘हातापायाला मुंग्या येतात’ असं बोलतात. तेच शब्द वापरून विचारावं. ‘टेन्शन’ या एका शब्दाखाली लाज, राग, भीती, एकटेपणा सगळं दडलेलं असतं, तेव्हा तिथे थांबून ‘टेन्शन म्हणजे नेमकं काय होतं?’ हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मराठीही एक नसते. सातारा-कोल्हापूरकडच्या माणसासमोर सदाशिव पेठी मराठी आली की तो आपली बोली सावरून, ‘शुद्ध’ बोलायला लागतो, आणि मग इंग्रजीत होतं तेच सुरू होतं. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलणाऱ्यांचंही तेच. समुपदेशकाने बोलीची नक्कल करू नये, ती खोटी वाटते. पण पेशंटने बोली वापरली तर दुरुस्त न करता, न चमकता ऐकावं.

तिसरी चूक जास्त लपलेली आहे. अवघड विषय आला की समुपदेशक स्वतःच नकळत इंग्रजीत शिरतो. ‘सेक्शुअल लाइफ कशी आहे?’ ‘सुसाइडल थॉट्स?’ पेशंटला संदेश जातो की यावर मराठीत बोलायचं नसतं. चांगला समुपदेशक आपल्या नोंदींत भाषा कुणी, कुठे बदलली हे लिहितो, आणि पेशंटचं महत्त्वाचं वाक्य जसंच्या तसं, मूळ भाषेत लिहितो.

आणि एक भीती पेशंटच्या बाजूची. मराठी समुपदेशक म्हणजे ‘आपल्यातलेच कुणीतरी’. आडनावावरून गाव, जात, नातेवाईक निघतील आणि गोष्ट गावात जाईल, असं अनेकांना वाटतं. तुमच्या भावाने मुद्दाम इंग्रजी निवडली असेल तर कारण हेही असू शकतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा पेशंटला हक्क आहे. समुपदेशकाने पहिल्या बैठकीत त्याला हे आपणहून सांगावं, आणि जिवाला धोका असेल तेव्हाचा अपवादही सांगावा.

घरच्यांची बैठक

तुम्ही दुभाषी होऊ नका. तुम्ही या गोष्टीतल्या एक आहात. आईचं रागावणं तुम्ही नकळत मऊ करून सांगता, भावाचं बोलणं आईला झेपेल एवढंच पोचवता. ही बैठक थेट मराठीत घेणारा माणूस हवा. शंभर टक्के मराठीत. भाऊ मध्येच इंग्रजीत बोलला तर समुपदेशक त्यालाच सांगतो, ‘हे आईंना कळेल असं सांगा.’

समुपदेशक सगळ्यांना ‘तुम्ही’ म्हणतो, भावालाही. वडील त्याला ‘तू’ म्हणतात आणि म्हणोत. पण तिसऱ्या माणसाने वडिलांच्या देखत त्याला ‘तुम्ही’ म्हणणं, त्याचं बोलणं मध्ये न तोडता ऐकणं, यातून घरातल्या बोलण्याचा सूर थोडा बदलतो. ‘बेवडा’, ‘दारुडा’ हे शब्द बैठकीत चालत नाहीत, हे सुरुवातीलाच सांगून टाकतात.

या बैठकीत ठरवायच्या गोष्टी थोड्या आणि ठोस असाव्यात. घरात बाटली राहणार नाही, पाहुण्यांसाठीसुद्धा. तो प्यायलेला असताना कुणी वाद घालणार नाही. बोलणं सकाळी, चहानंतर. ऑफिसला ‘बरं नाही’ म्हणून खोटा फोन बायको किंवा बहीण करणार नाही. उसने पैसे घरचे फेडणार नाहीत. न प्यायलेल्या संध्याकाळी मात्र त्याच्याबरोबर जेवायचं, फिरायला जायचं. तो दिवस त्याला चांगला वाटला पाहिजे, आणि हे घरचे हमखास विसरतात.

आईची शपथ घालू नका. शपथ मोडली की लाज वाढते, आणि ती लाज विसरायला तो पुन्हा पितो. माळ घालण्याचं वेगळं आहे. वारकऱ्यांची तुळशीची माळ घालून दारू सुटलेली माणसं सातारा-सोलापूरकडे कमी नाहीत, कारण माळेबरोबर भजनाची संध्याकाळ, न पिणारी माणसं, वारी हे सगळं येतं. त्याची स्वतःची इच्छा असेल तर समुपदेशकाने याला विरोध करायचं काही कारण नाही. घरच्यांनी जबरदस्तीने घातलेली माळ टिकत नाही.

गोळ्यांबद्दल

तलफ कमी करायला नाल्ट्रेक्सोन (सहसा ५० मिलिग्रॅम दिवसातून एकदा) किंवा ॲकॅम्प्रोसेट (३३३ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या दिवसातून तीनदा) देतात. पहिल्यासाठी यकृताची आणि दुसऱ्यासाठी मूत्रपिंडाची तपासणी हवी. ट्रामाडॉलसारखी अफूवर्गीय वेदनाशामकं चालू असतील तर नाल्ट्रेक्सोन चालत नाही.

डायसल्फिराम वेगळी गोळी आहे. ती घेतल्यावर दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो; हृदयाचा त्रास असलेल्याचा जीव जाऊ शकतो. ‘न कळवता जेवणात मिसळा, दारू सुटेल’ अशा जाहिरातींतल्या पुड्यांत काय असतं ते कुणी सांगू शकत नाही. डाळीत, चहात गुपचूप काहीही मिसळू नका. त्याला माहीत असताना, त्याच्या संमतीने, कुणाच्या तरी देखत रोज घेतली तर ही गोळी उपयोगी आहे. गोळी थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत दारूशी प्रतिक्रिया येऊ शकते. काही खोकल्याच्या औषधांत अल्कोहोल असतं, तेही टाळायचं. ही माहिती पेशंटला समजेल अशा भाषेत आणि रीतीने देऊनच संमती घ्यायची, असं २०१७ चा कायदाच सांगतो. इंग्रजी छापील फॉर्मवर आईवडिलांची सही घेतली म्हणजे संमती झाली नाही.

कुणाकडे जायचं

‘समुपदेशक’ अशी पाटी कुणीही लावू शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची नोंदणी लागते, तो नंबर मागा. फोनवर आणखी विचारा: व्यसनाच्या किती पेशंटबरोबर काम करता? मानसोपचारतज्ज्ञ जोडलेले आहेत का? घरच्यांची बैठक मराठीत घेता का? पेशंट मधेच भाषा बदलतो तेव्हा काय करता? शेवटच्या प्रश्नाला ‘मला दोन्ही भाषा येतात’ एवढंच उत्तर आलं तर पुढचा नंबर लावा. आत्ताचे समुपदेशक मराठी बोलणारे असतील तर त्यांनाच आधी सांगून बघा. सहा बैठकांत तयार झालेला विश्वास सहज टाकून देऊ नये, आणि आत्तापर्यंत त्यांना कुणी मराठीत बोला म्हणालंच नसेल.

दाखल करायची वेळ आली तर पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. तिथे उपचार मराठीतून चालतात. कोणत्याही केंद्रात जाण्याआधी मानसिक आरोग्य आस्थापना म्हणून नोंदणी आहे का, डॉक्टर रोज येतात का, घरच्यांना फोन-भेट आहे का, हे पाहा. रात्री गाडी पाठवून माणूस उचलून नेतो म्हणणाऱ्यांकडे जाऊ नका. इच्छेविरुद्ध दाखल करायला कायद्यात ठरलेली पद्धत आहे: पेशंटच्या नियुक्त प्रतिनिधीचा (त्याच्या वतीने निर्णय घेण्याचा कायद्याने अधिकार असलेल्या माणसाचा) अर्ज, दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी (त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ), पहिली मुदत जास्तीत जास्त ३० दिवस.

डिटॉक्सनंतर पहिला महिना आठवड्यातून दोन बैठका, तिसऱ्या महिन्यापर्यंत एक, पुढे वर्षभर पंधरा दिवसांतून किंवा महिन्यातून एक, असं साधारण वेळापत्रक असतं. जोडीला अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायला चालवलेल्या गटाच्या, सभा. पुण्यात त्या मराठी, हिंदी, इंग्रजीत भरतात. कोणत्या भाषेतली सभा निवडायची ते त्याला ठरवू द्या. एकदोन ठिकाणी बसून बघितल्याशिवाय कळत नाही. मध्ये स्लिप झाली, म्हणजे पुन्हा प्यायली गेली, तर २४ तासांच्या आत समुपदेशकाला फोन, हे आधीच ठरवून ठेवायचं. एका पेगची स्लिप लगेच सांगितली तर तिथेच थांबवता येते. आठवडाभर लपवली तर बहुधा पुन्हा डिटॉक्सपासून सुरुवात करावी लागते.

तो यायलाच तयार नसेल तर तुम्ही आणि आईवडील एकटे जा. घरच्यांनी वागणं बदलल्यावर पेशंट स्वतःहून उपचाराला आल्याची उदाहरणं भरपूर आहेत. त्याच्याशी बोलायचं ते सकाळी, न प्यायलेला असताना, दोनच वाक्यांत: ‘गेल्या मंगळवारी तू जिन्यात पडलास तेव्हा मी घाबरले. शनिवारी अकराला वेळ घेतलीय, मी बरोबर येते.’ उपदेश नाही, जुने हिशेब नाहीत. नाही म्हणाला तर वाद न घालता आठवड्याने पुन्हा विचारा.

पहिल्या भेटीला जाताना एवढं बरोबर न्या: आत्ता चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, झोपेची धरून, गेल्या सात दिवसांत किती बाटल्या आणल्या याची नोंद, यकृताच्या तपासण्या झाल्या असतील तर ते रिपोर्ट, पूर्वी दारू कधी, किती दिवस बंद होती आणि तेव्हा काय त्रास झाला याच्या दोन-चार ओळी. आणि त्या दिवशी सकाळी तो थरथरत असेल, घामाघूम असेल, तर समुपदेशकाची वेळ पुढे ढकलून आधी हॉस्पिटल गाठा.